तारेचं कौतुक पुरे, जोडाचं विचारा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एका अणूएवढ्या पातळ पत्र्यावर, पानभर मजकूर आला होता. वर पोळ्यासारखी षट्कोनी जाळी, खाली ठळक टायपात ‘आता बोट न टोचता साखर कळणार!’ मी रोज बोट टोचणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. ‘चमत्कारी पदार्थ’ चार वेळा, ‘तांब्यापेक्षा सरस वीजवाहक’ तीन वेळा. ‘जोड’ हा शब्द एकदाही नाही. म्हणून हे पत्र.

मी शास्त्रज्ञ नाही. छत्तीस वर्षं केबल जॉइंटर होतो, म्हणजे जमिनीखालच्या विजेच्या केबली जोडणारा. रस्त्याच्या कडेला पत्रे उभे करून, वर ताडपत्री ताणून दोन माणसं खड्ड्यात उकिडवी बसलेली तुम्ही पाहिली असतील. आत ब्लोलॅम्पची फरफर, जोडात ओतायच्या तापलेल्या कंपाउंडचा वास. त्या दोघांतला एक मी. आमच्या धंद्यात एक गोष्ट पोरासोरांनाही ठाऊक असते की तार सहसा दगा देत नाही. फॉल्ट आला की टेस्टिंगची गाडी मीटर लावून सांगायची, अमुक सबस्टेशनपासून तीनशे दहा मीटर. आम्ही जुना नकाशा उघडायचो, आणि तीनशे आठवर कुणीतरी कधीतरी केलेला जोड सापडायचा. ज्याने केला तो एव्हाना रिटायर झालेला, म्हणजे शिव्या घालायलाही समोर नाही.

मी स्वतः एकदा अशा शिव्या खाल्ल्या आहेत, आणि समोर उभं राहून. नोकरीचं चौथं वर्ष, ऐन जुलै, काळाचौकीच्या बाजूला ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची, कागदाच्या इन्सुलेशनची केबल. जोड करण्याआधी केबलवरची कागदाची पट्टी सोलून तापलेल्या मेणात सोडायची असते. ती तडतडली, फेस आला, तर कागदात ओल आहे. मग तेवढी केबल कापून टाकायची आणि पुढे सरकायचं. मेस्त्रींनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. त्या रात्री ताडपत्री पाण्याने पोटासारखी फुगली होती, बिगारी बादलीने खड्डा उपसत होता, आणि मी पट्टी सोडलीच नाही. बोटांना कोरडी लागली, एवढ्यावर भागवलं. फेरुलमध्ये, म्हणजे दोन तारांची टोकं जोडणाऱ्या नळीत, डाग (सोल्डर) चोख बसला, शिशाची स्लीव्ह पुसून अशी गुळगुळीत केली की मेस्त्री ‘वा’ म्हणाले. अकराव्या दिवशी जोड फुटला. दोन गल्ल्या रात्रभर अंधारात. फोडून पाहिलं तर तांबं उत्तम, शिसं उत्तम, डाग उत्तम. मधल्या कागदात चिमूटभर ओल.

आता तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याच्या केबलीचा आणि ग्राफीनचा संबंध काय? तर माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, उपनगरातल्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. विषय विचारला की पहिली दोन वर्षं ‘मामा, तुला नाही कळायचं’ म्हणून टाळायची. मग एका दिवाळीत जेवणानंतर मी साखर तपासत होतो, तेव्हा माझ्या हातातली पट्टी घेऊन उजेडात धरली आणि म्हणाली, ‘माझं काम म्हणजे हेच. फक्त मी पट्टी नाही बनवत, पट्टीतला जोड बनवते.’ जोड म्हटल्यावर मी चष्मा लावला.

त्या रात्री तिने जे सांगितलं ते माझ्या भाषेत लिहितो. रक्तातल्या साखरेच्या प्रत्येक रेणूकडून पट्टीवरचं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन), ग्लुकोज ऑक्सिडेज, दोन इलेक्ट्रॉन काढून घेतं. हे इलेक्ट्रॉन मोजले की साखर कळली. एक मायक्रोअँपियर म्हणजे सेकंदाला सहा लाख कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन, तेव्हा मोजायला तोटा नाही. अडचण अशी की ते इलेक्ट्रॉन जिथे येऊन बसतात ती जागा एन्झाइमच्या पोटात, पृष्ठभागापासून दीड नॅनोमीटरच्या आसपास आत आहे. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) भोवती सगळं प्रथिन, म्हणजे आमच्या भाषेत इन्सुलेशन. बाहेर कार्बनची इलेक्ट्रोड, म्हणजे इलेक्ट्रॉन झेलणारं टोक, मीटरला जोडून तयार, आत इलेक्ट्रॉन तयार, आणि मध्ये दीड नॅनोमीटरची भिंत.

इलेक्ट्रॉन इतका हलका की तो पातळ भिंतीतून आरपार निघू शकतो. पण ‘पातळ’ म्हणजे किती, याचा हिशोब निर्दयी आहे. मेणात असते तशी साध्या कार्बनची साखळी मध्ये ठेवली, तर प्रत्येक जादा कार्बनमागे प्रवाह साधारण एक तृतीयांशावर येतो. दहा कार्बन वाढवा, पन्नास हजारपटीने कमी. केबलीची लांबी दुप्पट केली की रेझिस्टन्स दुप्पट होतो, हे माझं आयुष्यभराचं गणित. इथे ते चालत नाही. आपल्या पेशींतली प्रथिनं हा हिशोब कोट्यवधी वर्षांपासून जाणून आहेत. त्यांच्या साखळीत इलेक्ट्रॉनच्या एका थांब्यापासून दुसरा थांबा १४ अँगस्ट्रॉमच्या आत असतो, म्हणजे १.४ नॅनोमीटर. त्याच्यापुढे कामाचा वेग राहत नाही.

मग आपली पट्टी चालते कशी? इथे मला खड्ड्यातला बिगारी आठवला. १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी पहिल्यांदा एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवलं, तेव्हा त्यांनी इलेक्ट्रॉनना हात लावलाच नव्हता. एन्झाइम साखर खाताना ऑक्सिजन किती वापरतं, तेवढंच पाहिलं. १९८४ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्डच्या लोकांनी मध्ये फेरोसीन घातलं. कार्बनच्या दोन कड्यांमध्ये लोखंडाचा एक अणू, असा छोटासा रेणू. तो एन्झाइमच्या फटीत शिरतो, इलेक्ट्रॉन उचलतो, पोहत इलेक्ट्रोडकडे जातो, रिकामा करतो, परत येतो. बादलीने खड्डा उपसणं म्हणतात ते हेच. १९८७ साली त्याच तत्त्वावर पेनाएवढा मीटर बाजारात आला आणि साखर घरबसल्या तपासणं सोपं झालं. आज माझ्या कपाटात पट्ट्यांची जी डबी आहे ती त्या बादलीची नातवंडं.

पट्टी एकदा वापरून फेकायची असते, म्हणून सुटा बिगारी चालतो. शरीराच्या आत आठवडाभर ठेवायचं तर तो वाहून जाणार. टेक्सासचे अॅडम हेलर यांनी यावर उपाय काढला. पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या लांब रेणूच्या, साखळीला ऑस्मियम या धातूचे अणू ठरावीक अंतराने टांगले. इलेक्ट्रॉन एका ऑस्मियमकडून दुसऱ्याकडे, हातोहात. खड्ड्यापासून गटारापर्यंत माणसांची रांग लावून बादल्या पुढे सरकवतात तसं, माणूस जागचा हलत नाही. हेलर यांनी १९९० साली या कामाला इंग्रजीत जो शब्द वापरला तो ऐकून मी हसलोच. एन्झाइमचं ‘वायरिंग’. टेक्सासचा प्राध्यापक आणि लालबागचा जॉइंटर एकाच शब्दावर!

आणि संपादकसाहेब, इथेच तुमच्या मथळ्याची पंचाईत आहे. बोट न टोचता साखर सांगणारा बिल्ला आजही केमिस्टकडे मिळतो. दंडाला चिकटवायचा, चौदा दिवस चालतो, जेमतेम पाच मिलिमीटरची बारीक तार कातडीखाली राहते, आणि तो रक्तातली नाही, पेशींच्या भोवतालच्या पाण्यातली साखर मोजतो. त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे असतो. त्यात ग्राफीन नाही. त्यात हेलर यांच्या वाटेने आलेला ऑस्मियमचा जोड आहे. म्हणजे ज्या गोष्टीचं श्रेय तुम्ही उद्याच्या पदार्थाला दिलंत, ती काल एका चांगल्या जोडाने करून दाखवली आहे.

मग ग्राफीन कशाला? मीही भाचीला हेच विचारलं. तिला बादलीच नको आहे, सुटी नको आणि रांगेतलीही नको. प्रथिन थेट इलेक्ट्रोडशेजारी बसवायचं, मध्ये फक्त एका रेणूच्या जाडीचा थर, आणि तो थर असा की इलेक्ट्रॉन हव्या त्या वाटेनेच जावा. त्यासाठी खालची जमीन सपाट लागते. ग्राफीनइतकी सपाट जमीन नाही, कारण ते कार्बनच्या एकाच अणूएवढं जाड. पेन्सिलच्या शिशाचा एक मिलिमीटर घेतला तर असे तीस लाख थर. २००४ साली मँचेस्टरला आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोवोसेलोव यांनी चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत सोलत एक थर सुटा केला आणि २०१० साली नोबेल घेतलं. (तुमच्या लेखात शोधाचं साल म्हणून २०१० छापलंय, ते सुधारा.)

भाची सोलत नाही, वाढवते. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, त्यांची प्रयोगशाळा बघायला खुली असते. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. तांब्याचा पातळ पत्रा, चॉकलेटच्या वेष्टणासारखा. हजार अंशांच्या आसपास तापवून वरून मिथेन सोडला की त्यावर ग्राफीन धरतं. डोळ्यांना काही दिसत नाही. मग वर प्लास्टिकचा पातळ लेप, आणि तांब्याची बाजू खाली करून पत्रा एका रसायनावर तरंगत सोडतात. तांबं हळूहळू विरघळतं. दोनेक तासांनी बशीत काहीच उरत नाही असं वाटतं, पण मान तिरकी केली की पाण्यावर एक चौकोन चमकतो. भाचीने श्वास रोखून काचेची पट्टी तिरकी खाली सारली आणि दुधावरची साय पळीवर घ्यावी तसा तो चौकोन वर उचलला. एका कोपऱ्याला सुरकुती पडली. ती पुटपुटली, ‘गेली एक.’ सकाळपासूनची तिसरी होती.

मग वरचं प्लास्टिक अॅसिटोनने धुवायचं. ते पूर्ण कधीच निघत नाही, कुठेतरी तवंग राहतो. मी विचारलं, ‘त्याच्यावरच जोड मारणार?’ ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘मामा, माझं पहिलं दीड वर्ष त्या तवंगात गेलं.’ मला काळाचौकीची पट्टी आठवली. तिला ती गोष्ट मी तोवर सांगितली नव्हती, त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सांगितली.

आता जोड. ग्राफीनवर रेणू बसवायच्या दोन रीती. एक, रासायनिक बंध करून पक्का रोवायचा. पण प्रत्येक बंधामागे जाळीतला एक कार्बन वहनाच्या कामातून उठतो, आणि असे खूप उठले की ज्या वहनासाठी ग्राफीन आणलं तेच बिघडतं. बसबारला, म्हणजे वीज वाहणाऱ्या धातूच्या जाड पट्टीला, भोकं पाडून पाडून बोल्ट मारले तर बसबार उरतो कुठे? दुसरी रीत क्लॅम्पची. पायरीन नावाचा रेणू आहे, चार षट्कोनी कड्या एकमेकींना चिकटलेल्या, चपटा. तो ग्राफीनवर आपोआप आडवा बसतो, जाळीवर जाळी, एकही बंध न तोडता. पायरीनच्या पाठीवर एक आखूड शेपूट, शेपटीच्या टोकाला पंजा, आणि पंजात धातूचा एक आयन (विद्युतभार असलेला अणू), निकेलचा, कोबाल्टचा किंवा तांब्याचा. प्रथिन बनवतानाच त्याच्या एका टोकाला हिस्टिडिन या अमिनो आम्लाच्या सहा मण्यांचं शेपूट लावून ठेवतात. ते शेपूट तो आयन घट्ट धरतं. भाची जे प्रथिन वापरते ते सायटोक्रोम सी. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत श्वासाचे इलेक्ट्रॉन इकडून तिकडे नेणारं, माणसाचं १०४ अमिनो आम्लांचं, पोटात लोखंडाचा अणू.

एवढी यातायात कशासाठी, तर दिशेसाठी. प्रथिन नुसतं ओतलं तर काही उताणी पडतात, काही पालथी. ज्याचं लोखंड इलेक्ट्रोडकडे आलं ते बोलतं, ज्याचं पाठीमागे गेलं ते मुकं. शेपटीने धरलं की सगळी एकाच तोंडाने बसतात. टर्मिनल कुठल्या बाजूला आहे हे न बघता कनेक्शन मारणारा जॉइंटर आमच्याकडे एक दिवस टिकला नसता. पंजातला धातूही नुसता हूक नव्हे. इलेक्ट्रॉनच्या वाटेत तो एक थांबा आहे, आणि निकेलच्या जागी दुसरा धातू ठेवला की प्रवाहही बदलतो. नियंत्रण म्हणतात ते इथून सुरू होतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. इमिडॅझोल नावाच्या रसायनाच्या द्रावणाने धुतलं की पंजाची पकड सुटते, प्रथिन निघून येतं, नवं बसवता येतं. मी आयुष्यभर असे जोड केले जे सोडवायचे म्हणजे करवतच.

या थराचं निम्मं काम वहनाचं, निम्मं अडवण्याचं आहे, आणि तुमच्या लेखात हे निम्मं पार गळलंय. रक्तात साखरेखेरीज क जीवनसत्त्व असतं, डोकेदुखीवर घेतलेलं पॅरासिटामॉल असतं. उघडी इलेक्ट्रोड दिसली की हेही आपले इलेक्ट्रॉन तिच्यात ओतून मोकळे होतात, आणि मीटर बिचारा ते साखरेच्या खात्यात लिहितो. आमच्या जोडात फेरुल वाहतो आणि त्यावरची पट्टी अडवते. त्यांच्या जोडात ही दोन्ही कामं एका रेणूच्या जाडीत उरकायची. थरात पिनच्या टोकाहून लहान जरी उघडी जागा राहिली तरी तिथून गळती. थर दाट हवा पण जाड नको, कारण जाडीचा हिशोब वर दिलाच आहे, एक कार्बन वाढला की प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर.

आणि ‘तांब्यापेक्षा सरस’ याबद्दल. इलेक्ट्रॉन ग्राफीनच्या पत्र्यावर पोचला की सुसाट धावतो, कबूल. प्रश्न पत्र्यावर चढण्याचा आहे. तांब्यात किंवा सोन्यात येणाऱ्या इलेक्ट्रॉनला उतरायला मुबलक जागा असतात. स्वच्छ ग्राफीनमध्ये ऊर्जेच्या एका विशिष्ट पातळीपाशी त्या जागा जवळजवळ शून्यावर येतात. म्हणजे जो हमरस्त्यासाठी नावाजलेला, त्याच्या चढणीवरच गर्दी अडते. उलट बाजूने पाहिलं तर ही सोयही आहे. खालून वेगळा व्होल्टेज देऊन ती पातळी वर-खाली सरकवता येते आणि जागा वाढवता-घटवता येतात. सोन्याला अशी तोटी नाही.

भाचीने मला रूडॉल्फ मार्कस यांच्याबद्दलही सांगितलं. १९५६ पासून त्यांनी मांडलेल्या हिशोबाला १९९२ चं नोबेल मिळालं. इलेक्ट्रॉनची उडी क्षणाची असते, पण त्याआधी भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना हलून नव्या जागी यावं लागतं, आणि खरा खर्च त्या हलवाहलवीचा. प्रथिन आपलं लोखंड पोटात दडवतं ते उगाच नाही. पाणी लांब ठेवलं की हलवाहलव कमी. इथपर्यंत मला पटलं. पुढे ती म्हणाली की दोन रेणूंमध्ये इलेक्ट्रॉनला ओढणारा जोर वाढवत नेला तर वेग वाढत जातो, आणि एका मर्यादेपुढे जोर वाढवला की वेग कमी होतो. मी म्हटलं, ‘व्होल्टेज वाढवला आणि करंट घटला? काहीतरीच.’ जाणत्या शास्त्रज्ञांनाही हे कित्येक वर्षं पचलं नव्हतं म्हणे. १९८४ साली अमेरिकेत ताठ सांगाड्याच्या दोन टोकांना इलेक्ट्रॉन देणारा आणि घेणारा बसवून ते दाखवलं गेलं. धातूच्या इलेक्ट्रोडवर ते असं उघड दिसत नाही, कारण तिथे उतरायला पातळ्या अनेक, हेही तिने लगेच जोडलं. मी अजून पुरता पटलेलो नाही, पण नोबेलवाल्याशी वाद घालायला पेन्शनर मोकळाच असतो.

जोड नीट झाला की नाही हे कसं कळतं? आमच्याकडे मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, लावायचा आणि काटा बघायचा. तिच्याकडे व्होल्टेज सावकाश वर न्यायचा, सावकाश खाली आणायचा, आणि करंटचा आलेख काढायचा. जाताना एक उंचवटा, येताना उलटा एक. दोन उंचवटे एकाखाली एक आले तर इलेक्ट्रॉन झटपट ये-जा करतात. जितके एकमेकांपासून सरकले, तितका जोड मंद. विज्ञान दिनाच्या दिवशी तिचा आलेख मात्र उंचवट्यांऐवजी केसाळ सुरवंटासारखा दिसत होता. उपकरणाभोवती धातूची पेटी, तरी सुरवंट. मी विचारलं, ‘या केसांमधलं अंतर किती?’ तिने आलेख मोठा केला. वीस मिलिसेकंद. मी म्हटलं, ‘बाई गं, ही आमची पन्नास सायकल, भिंतीतल्या सॉकेटातली वीज! ही बया मी झोपेतही ओळखेन.’ टेबलाखाली वाकलो. उपकरणाचा प्लग एका भिंतीला, कॉम्प्युटरचा दुसऱ्या भिंतीला, दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये फरक, आणि मध्ये सिग्नलची केबल बिचारी दोघांचं भांडण वाहून नेत होती. दोन्ही एकाच बोर्डावर आणून एकाच ठिकाणी अर्थ दिला. सुरवंट गेला, उंचवटे दिसले. तिथल्या एका मुलाने मला विचारलं, ‘सर, तुम्ही कुठल्या डिपार्टमेंटचे?’ मी म्हटलं, खड्डा डिपार्टमेंट.

हे बढाई म्हणून लिहीत नाही (थोडी आहे). तुमच्या लेखात प्रयोगशाळेत झालेल्या चुकांचा, धुण्याचा, सुरकुतीचा, अर्थिंगचा एक शब्द नाही. वाचणाऱ्याला वाटतं की पदार्थ सापडला, आता दुकानात कधी येतो तेवढं बघायचं. आमच्या चाळीत एकाने तुमचं पान मोबाइलवर फिरवलं आणि संध्याकाळी जिन्यात मला विचारलं, ‘काका, ते ग्राफीनचं कधी येणार? तोवर पट्ट्यांचा नवा डबा आणू की नको?’ तुमच्या एका ओळीने हा माणूस तपासणं थांबवायला निघाला होता. आणि हेच गृहस्थ २०२१ साली लशीत ग्राफीन घातलंय म्हणून दुसरा डोस टाळत होते. तेव्हा ग्राफीन विष होतं, आता अमृत. दोन्ही वेळा ते काय आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुरुस्त्या एवढ्या कराव्यात. ग्राफीनला दुसऱ्या परिच्छेदात ‘धातू’ म्हटलंय. तो कार्बन आहे, पेन्सिलीतला. शोधाचं साल वर सांगितलंच. ‘केसाच्या हजाराव्या भागाइतकं पातळ’ हेही चूक. केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटरचा धरला तर ग्राफीन त्याच्या दोन लाखाव्या भागाहूनही पातळ. चुकायचंच होतं तर निदान वरच्या बाजूला तरी चुकायचं. आणि जमलं तर पुढच्या वेळी तुमच्या वार्ताहराने शास्त्रज्ञाला एक जादा प्रश्न विचारावा की या पदार्थाला पुढे काय जोडलंय आणि कसं. भाची म्हणते, हा प्रश्न विचारणारा पत्रकार आला तर ती दुपारची सुट्टी सोडून बोलेल. तवंगावर तर तासभर बोलेल, तेवढं जपून.

आपला,
एक निवृत्त केबल जॉइंटर
लालबाग, मुंबई १२

ता.क. पत्र टाकण्यापूर्वी भाचीला फोनवर वाचून दाखवलं. ‘मुकं’ हा शब्द तिला आवडला, ‘नातवंडं’ आवडला नाही, पण मी ठेवलाय. तिने बजावलं की तुझ्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसाळ्यात नीट लावत जा, एन्झाइमला ओल चालत नाही. उठून पाहिलं, उघडंच होतं. आज सकाळचा आकडा १८४ आला होता. नव्या डबीतली पट्टी काढून पुन्हा टोचलं, १४१.